कानात सांगितलेला सिनेमा

तिचं काम एका वाक्यात सांगायचं तर ती आंधळ्यांना सिनेमा सांगते. थिएटरात वर, प्रोजेक्टरच्या खोलीला लागून काचेची एक चिंचोळी खोली आहे. तिथे माईकसमोर ती बसते. खाली मधल्या रांगांत तिचे ऐकणारे असतात, प्रत्येकाच्या एका कानात छोटंसं यंत्र. पडद्यावरची माणसं बोलत असली की ती गप्प असते. त्यांचं बोलणं थांबलं की हिचं सुरू होतं: दार उघडलं, म्हातारा आत आला, टेबलावरचं पत्र त्याला दिसलं नाही.

या कामाची सवय तिला लहानपणापासूनची. तिची थोरली बहीण, अक्का, जन्मापासून आंधळी. दोघी रस्त्याने निघाल्या की धाकटीने बघायचं आणि अक्काला सांगायचं. पण धाकटी सगळं सांगायची नाही. गाडीखाली आलेलं कुत्रं दिसलं तर म्हणायची, "इकडून चल, तिकडे चिखल आहे." अक्काकडे बघून कुणी तोंड वेंगाडलं तर तेवढंही नाही. अक्काने पुढे एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून जन्म काढला. आवाज जरा अडखळला तरी तिला मागचं सगळं कळायचं. "तू हातचं राखून सांगतेस," ती म्हणायची. "माझे डोळे गेलेत, काळीज शाबूत आहे."

मग तो सिनेमा आला. एका संतपुरुषाची कथा होती. राजाने त्याला पकडून नेलं, हाल हाल करून मारलं, हा इतिहास सगळ्यांना तोंडपाठ. पण सिनेमात ते हाल इतके जवळून आणि इतका वेळ दाखवले होते की लोक थिएटरातून सुन्न होऊन बाहेर पडत. कोणी म्हणे, पोरासोरांना हे दाखवलंच पाहिजे, त्याशिवाय त्याने काय सोसलं ते कळणार नाही. कोणी म्हणे, ही भक्ती आहे की खाटकाचं दुकान? चहाच्या टपरीवर, बसच्या रांगेत तोच विषय आणि तोच तणतणाट.

अंध संस्थेच्या सभासदांसाठी एक खेळ ठरला, तेव्हा हा वाद संस्थेच्या कचेरीतही शिरला.

"चाबकाचा एकही फटका सुटता कामा नये," चिटणीस म्हणाले. स्वतः डोळस गृहस्थ, पण त्या संतावर जीव ओवाळणारे. "आपल्या लोकांनाही तो अनुभव मिळायला हवा."

एक शिक्षिका होती, अपघातात दृष्टी गेलेली. ती म्हणाली, "तुम्हाला सहन झालं नाही तर तुम्ही डोळे मिटाल. मी कान कसे मिटू?"

"मग येऊ नका," चिटणीस फटकन बोलून गेले.

कोपऱ्यातून खुर्चीवाले आजोबा बोलले. आयुष्यभर त्यांनी वेताच्या खुर्च्या विणल्या होत्या. "मला सगळं ऐकायचंय. त्याने सोसलं ते मी ऐकूसुद्धा नये?"

सिनेमा सांगणार ती, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे तोंड वळवलं. ती म्हणाली, "मी बघते." त्यावर, संस्थेची सभासद म्हणून आलेली अक्का खुदकन हसली. "तेच तर करायचंय तुला."

तयारीसाठी तिला सिनेमाची प्रत मिळाली. तो प्रसंग ती घरी बसून थांबवत, मागे नेत बघत राहिली. चाबूक लागला की कातडी कशी उकलते, हे लिहायला तिला शब्द मिळेना. मिळाला तो लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. जेवताना घास फिरायला लागला. नवरा म्हणाला, "दे सोडून. गोष्टच तर आहे." ती त्याच्यावर खेकसली आणि मग तिलाच वाईट वाटलं. शेवटी तिने असं लिहिलं की प्रत्येक जखम एकदाच येईल, साध्या शब्दांत, आणि मधल्या वेळात ती त्या माणसाचा चेहरा सांगेल. चिटणिसांना ते कमी वाटलं असतं आणि शिक्षिकेला जास्त. तिने कोणालाच दाखवलं नाही.

खेळाच्या दिवशी थिएटर भरगच्च होतं. तिचे ऐकणारे मधल्या दोन रांगांत बसले होते. अक्का कडेला, येण्याजाण्याच्या वाटेलगत. शिक्षिकाही आली होती. "घरी बसून कल्पना करण्यापेक्षा बरं," एवढंच म्हणाली.

पहिला भाग नीट पार पडला. मग तुरुंगाचं दार उघडलं. चाबूक वाजला. तिने सांगितलं. पुन्हा वाजला. खाली हुंदके सुरू झाले. पुढच्या रांगेतला एक तरुण उठून पडद्यावरच्या शिपायाला शिव्या द्यायला लागला. त्याच्या सोबतचे तिघे उठले. सगळं थिएटर त्यांच्या आवाजात आवाज मिसळू लागलं. काचेतूनही तो गलका तिच्या छातीवर आदळत होता.

आणि तेवढ्यात तिला एक माणूस दिसला. अक्काच्या पुढच्या रांगेतून तो आपल्या लहान मुलीला उचलून बाहेर निघाला होता. मुलीने त्याच्या मानेत तोंड खुपसलं होतं. त्या चौघांनी त्याला वाटेतच अडवलं.

काय बोलणं चाललंय ते वर ऐकू येत नव्हतं. एकाने त्याच्या छातीवर हात ठेवलेला दिसला. खाली आंधळी माणसं बावरून माना वळवत होती. आरडाओरडा पडद्यावरचा की आपल्या शेजारचा, हेच त्यांना कळेना. खुर्चीवाले आजोबा समोरची खुर्ची घट्ट धरून बसले होते. शिक्षिका उभी राहून हाताने चाचपत होती.

वर, काचेच्या खोलीत, तिच्या हातात लिहिलेला कागद होता. पडद्यावर खांबाला बांधलेल्या संतावर चाबूक पडतच होता. तिने कागद बाजूला ठेवला.

"आता मी सिनेमा सांगत नाही," ती माईकमध्ये म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "थिएटरात काय चाललंय ते सांगते. कोणी उठू नका. अक्काच्या उजव्या हाताला, वाटेवर, एक माणूस मुलीला घेऊन बाहेर निघालाय. चार जणांनी त्याला अडवलंय. ते त्याच्यावर ओरडतायत, तुमच्यावर नाही. मुलगी रडतेय. दारवान अजून लांब आहे. एकाने त्या माणसाची कॉलर धरलीय."

हातचं काही राखायचं तिला त्या क्षणी सुचलंच नाही.

मग अक्का उठली. काठी न उघडताच ती वाटेत आली आणि तिने हात पुढे केला. तो बरोबर कॉलर धरणाऱ्या पोराच्या दंडावर पडला.

"कोण आहे बाबा?" अक्का म्हणाली. टेलिफोनवरचा तिचा तो जुना, खणखणीत आवाज. "मला दिसत नाही. जरा दारापर्यंत सोडतोस? घुसमटायला झालंय."

पोरगा गोंधळला. "आजी, थांबा जरा, हा बघा ना, उठून चाललाय..."

"मीही चाललेय की. चल, हात धर."

त्याने कॉलर सोडली, कारण अक्काने त्याचा तो हात आपल्या हातात घेतला होता. एकाने अजून वाट अडवली होती. शिक्षिका पुढे झाली, तिच्या मागे आणखी दोघं, आणि "मलाही बाहेर जायचंय" असं म्हणत ती सगळी वाटेवर येऊन उभी राहिली. इतक्या चाचपडणाऱ्या हातांना ढकलायचं कसं, हे त्या पोरांना कळेना. दारवान पोचला. मुलीला घेतलेला माणूस भिंतीला लागून निसटला. वर, काचेमागे, ती एकेक पाऊल सांगत होती: "दोन पायऱ्या आहेत. आता दार. उघडलंय."

तिने पडद्याकडे पाहिलं तेव्हा संत गेला होता आणि लोक त्याचं प्रेत नेत होते.

चिटणीस खवळले. "ऐन मरणाच्या वेळी तुम्ही गप्प! लोक कशासाठी आले होते?" पुढचा सिनेमा त्यांनी दुसऱ्या बाईला दिला. ते तिला लागलं, पण त्याहून जास्त लागली खुर्चीवाल्या आजोबांची तक्रार. ते भांडले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "बाई, माझं राहूनच गेलं."

ती त्यांच्या घरी गेली. त्यांच्या सुनेने चहा ठेवला आणि खोलीचं दार ओढून घेतलं. आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले. तिने तो प्रसंग पहिल्या फटक्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत सांगितला, खोडलेल्या शब्दांसकट. ते हलले नाहीत.

शेवटी म्हणाले, "एवढंच?"

"म्हणजे?" तिने विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही सिनेमा सांगायचं थांबलात आणि नुसता चाबूक ऐकू येत राहिला. लोक किंचाळत होते. तेव्हापासून मी ते माझं मीच बघतोय, बाई. त्यात त्याचे डोळे काढले, हात तोडले, काय काय केलं. तसं काही नव्हतं ना?"

"नव्हतं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मग रडले.

घरी येऊन तिने हे अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, "त्या पोराने हात सोडला नाही, बरं का. दारापर्यंत. बाहेर आल्यावर मला म्हणाला, तुम्ही इथेच बसा, मी पाणी आणतो. आणलंही."

"आणि त्या माणसाला काही म्हणाला?"

"नाही. त्याला नाही."

पुढे ऐकणाऱ्यांनीच आग्रह धरला आणि चिटणिसांनी तिला परत बोलावलं. कुरकुरत का होईना. आता असा प्रसंग येणार असला की ती आधी सांगते: पुढे मारहाण आहे, लांबलचक आहे, ज्याला नको त्याने हात वर करावा. दारवान येऊन त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवतो. थिएटरच्या मॅनेजरला तिने इतकं पटवलं की तीच सूचना त्याने सगळ्यांसाठी लावली. पहिल्या दिवशी उठून गेलेल्यांत डोळस माणसंच जास्त होती. शिक्षिका कधी जाते, कधी थांबते. आजोबा थांबतात. अक्का तर जागची हलत नाही, आणि घरी परतताना कुठे काय कमी सांगितलं ते बहिणीला ऐकवते.