नऊ साड्यांची कौदी

काशम्माबद्दल संगप्पांना फारसं काही माहीत नव्हतं. तिचं आडनाव माहीत नव्हतं, वय माहीत नव्हतं, घरी कोण कोण असतं हेही कधी विचारलं नव्हतं. मैंदर्गीहून येते, एवढंच ठाऊक. दरवर्षी उन्हाळा लागला की बाळीवेशीतल्या त्यांच्या गल्लीत तिची हाक यायची, "कौदी शिवायची का, कौदीऽऽ." जुन्या साड्या, धोतरं एकावर एक अंथरून हातानं टाके घालत शिवलेलं पांघरूण. कुणी त्याला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. कन्नड बोलणाऱ्या घरांत ती कौदी. तीस वर्षं काशम्मा त्यांच्या घरी येत होती. पण संगप्पा नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात नोकरीला, सकाळी गेले की अंधार पडल्यावर घरी. त्यामुळे त्यांची काशम्मा म्हणजे कोनाड्यात राहिलेलं दोऱ्याचं गुंडाळं आणि जेवताना बायकोनं, सिद्धेश्वरीनं, सांगितलेलं एक वाक्य. "आज काशम्मा आली होती." "बरं," असं म्हणून ते आमटी ओरपायचे.

सिद्धेश्वरीला जाऊन दोन वर्षं झाली आणि घर विकायचं ठरलं. मुलाला, अमरेशला, चिंचोळी एमआयडीसीत बरी नोकरी होती. त्यानं विजापूर रोडला फ्लॅट घेतला होता, चौथ्या मजल्यावर. रविवारी टेम्पो येणार होता. त्याआधी चाळीस वर्षांचा संसार आवरायचा होता.

आवरायचं काम सून शिवलीलानं अंगावर घेतलं. सोप्यात तिनं तीन ढीग केले. एक न्यायचा, एक द्यायचा, एक टाकायचा. संगप्पांनी स्वतःच्या वस्तू भराभर काढून दिल्या. रेडिओ दिला, बंद पडलेली दोन घड्याळं दिली, दुकानमालकानं निवृत्तीच्या दिवशी दिलेली छत्रीही दिली. शिवलीला म्हणाली, "मामा, तुम्ही तर लग्नात अक्षता वाटाव्यात तसं वाटत सुटलाय."

पण लोखंडी ट्रंकेपाशी आल्यावर ते तिच्यावर बसलेच.

ट्रंकेत सिद्धेश्वरीच्या साड्या होत्या. चांगल्या इरकली कधीच लेकीबाळींनी नेल्या होत्या. राहिल्या होत्या त्या रोजच्या, सुती, नेसून नेसून विरलेल्या. कुणी मागितल्या नाहीत आणि संगप्पांनी कुणाला विचारलं नाही. दुपारी घरात कुणी नसलं की ते झाकण उघडत आणि थोडा वेळ नुसते बसून राहत.

"फ्लॅटमध्ये ट्रंक मावणार नाही हो, मामा," शिवलीला समोर उकिडवी बसून म्हणाली. "बोहारीण शनिवारी येईल. तिला देऊ का? एखादं मोठं पातेलं तरी येईल."

"पातेली कमी आहेत का आपल्याकडं?"

"मग तुम्हीच सांगा काय करायचं ते. पण रविवारच्या आत सांगा."

दुकानात दिवसभर कापडावर बोलणारा हा माणूस घरात दोन वाक्यं सलग बोलायचा नाही. त्यांनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही कळलं नाही.

तशातच मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी हाक आली. "कौदी शिवायची का, कौदीऽऽ." संगप्पा अनवाणी बाहेर आले. आयुष्यात त्यांनी कुणाला रस्त्यावर हाक मारली नव्हती. आवाज निघता निघेना.

"अहो... कौदीवाल्या..."

काशम्मा वळली. उंच, वाळलेली बाई. कपाळावर विभूतीचे पट्टे, काखेत गाठोडं. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अण्णा, मागल्या साली बी आलते मी. दाराला आतनं कडी हुती."

"घरी नसेन."

"आतनं पंखा फिरत हुता की."

संगप्पांना भुई फाटेल तर बरं असं झालं. खरं होतं ते. त्या वेळी ते दारामागेच उभे होते. काशम्मा पायरीवर टेकली आणि सहज म्हणाली, "असू द्या. माझं मालक गेल्यावर मी बी तसंच केलतं. काय शिवायचं हाय?"

ठरलं. ट्रंकेतल्या साड्यांची एक कौदी. काशम्मा दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती. संगप्पांना तेव्हा कसं हलकं हलकं वाटलं, आणि त्या भरात त्यांनी ती चूक केली.

चाळीस वर्षांची सवय म्हणा. कापड कुणाच्या हाती द्यायचं तर ते मळकं, चुरगळलेलं कसं द्यायचं? पहाटे उठून त्यांनी साड्या धुतल्या, मैद्याची खळ शिजवली, एकेक साडी तीत बुडवून गच्चीवर ताणून वाळवली आणि दुकानातल्यासारख्या घड्या घालून चळत लावली. आठ साड्या. नववी त्यांनी काढलीच नाही. जांभळी, लाल काठाची, दवाखान्यात जायच्या दिवशी तिनं सोडून ठेवलेली. ती दोन वर्षं त्यांच्या उशीच्या अभ्र्यात होती, न धुतलेली.

काशम्मानं पहिली घडी उलगडली तर ती कागदासारखी कडकडली. तिनं सुई टोचून पाहिली. सुई वाकली.

"अण्णा, ह्येला काय केलंसा?"

"धुतल्या. जरा खळ घातली."

"खळ!" काशम्मानं तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात मावेना. "कौदी शिवायची हाय का लग्नाचा फेटा बांधायचाय? कापाड मऊ व्हायला अक्कानं तीस वरसं नेसलं, आन तुमी एका सकाळी परत दुकानात न्हेऊन ठिवलं!"

संगप्पांचा चेहरा उतरला. हसणं थांबवून काशम्मानं गाठोडं बाजूला ठेवलं, पदर खोचला. "चला. नळाला पाणी हाय न्हवं?"

मग दोन म्हातारी माणसं अंगणातल्या नळाखाली आठ साड्या पुन्हा धूत बसली. खळ सुटून पाणी दुधासारखं व्हायचं आणि मोरीकडे जायचं. एकेक साडी पिळताना काशम्मा बोलत होती, संगप्पांशी की साडीशी, ते सांगता आलं नसतं.

"ही पिवळी. अमरेशच्या बारशाच्या वक्ताला घेतल्याली. ही निळी, तुमाला टायफाईड झालता त्या सालची. ह्येच्या पदराला गाठ असायची. रोज एक गाठ मारायची अक्का, ताप उतरू दे म्हनून. एकवीस झाल्यावर सोडल्या."

संगप्पांचे हात पाण्यातच थांबले. ही साडी त्यांनीच दुकानातून आणली होती. तिचा भाव त्यांना आठवत होता, सुताचा काउंट आठवत होता. गाठींचं त्यांना माहीत नव्हतं.

गुरुवारपासून सोप्यात कौदी अंथरली. घर रिकामं होत होतं तसतशी तिला जागा होत होती. कपाट गेलं तिथं एक कोपरा पसरला, शिलाई मशीन गेलं तिथं दुसरा. दुपारच्या उन्हाचा एक लांब पट्टा दारातून येऊन तिच्यावर पडायचा आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू पलीकडे सरकायचा. गल्लीतल्या मागावरची खटखट लांबून ऐकू यायची. काशम्मा कडेनं टाके घालत आत आत येत होती. सुई वर यायची, खाली जायची. संगप्पा रिकाम्या भिंतीला टेकून बघत असायचे. बघता बघता त्यांचा डोळा लागे, आणि त्या गुंगीत निळी साडी नेसलेली सिद्धेश्वरी त्यांच्या अंथरुणापाशी उभी दिसे, पदराला गाठ मारत. तिला काही विचारावं म्हणून ते तोंड उघडत, तोच सुईचा दोरा दातानं तोडल्याचा आवाज येई आणि समोर काशम्मा असे.

"झोपा की, अण्णा. कौदीजवळ झोप लागायचीच."

शनिवारी दुपारी टाके मधोमध येऊन संपले. आता फक्त कड राहिली होती. कडेला चारी बाजूंनी गोट मारायचा, म्हणजे कापडाच्या पट्टीनं काठ बंद करायचा, की कौदी पुरी झाली. काशम्मानं इकडं तिकडं पाहिलं.

"अण्णा, जांबळी कुटं हाय?"

"कुठली?"

"लाल काठाची. अक्काची."

"ती... देऊन टाकली."

काशम्मानं त्यांच्याकडे पाहिलं, जसं मंगळवारी पाहिलं होतं. पंख्याचा आवाज ऐकू आल्यासारखं. गाठोड्यातून तिनं कसल्यातरी तपकिरी कापडाची पट्टी काढली आणि कडेला लावून बघितली. पट्टी नवी होती, ताठ होती. कौदीला ती परक्याच्या हातासारखी दिसत होती.

संगप्पा उठून आतल्या खोलीत गेले. तिथं आता एक खाट आणि उशी एवढंच होतं. अभ्र्यात हात घातला. साडी छातीशी धरून ते खाटेवर बसले. वास घेतला. दोन वर्षांत तो इतका पातळ झाला होता की आहे असं मनाशी म्हणावं तेव्हाच यायचा. बाहेर शिवलीला आली होती, उद्याच्या टेम्पोचं काही बोलत होती. ती आत डोकावली, सासऱ्यांना पाहून मागं फिरली.

थोड्या वेळानं संगप्पा बाहेर आले. काशम्मानं हात पुढे केला, पण त्यांनी साडी दिली नाही.

"मी फाडतो," ते म्हणाले. "मला येतं."

ते कौदीपाशी मांडी घालून बसले. कात्रीनं कडेला बोटभर छेद दिला, दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरलं आणि ओढलं. साडी सरसर सुताबरोबर फाटत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जराही वाकडी न होता. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांसाठी त्यांनी असंच कापड फाडलं होतं. दुसरी पट्टी. तिसरी. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, ते त्यांनी पुसलं नाही. हात मोकळे नव्हते.

"काय हात हाय, अण्णा," काशम्मा हळूच म्हणाली. "एक सूत इकडचं तिकडं न्हाय."

न धुतलेल्या जांभळ्या पट्टीचा गोट चारी बाजूंनी चढला. शेवटचा कोपरा काशम्मानं उघडा ठेवला. "कौदीचं पोट रिकामं ठिवायचं न्हाय," ती म्हणाली. शिवलीलानं डब्यातली कडक भाकरी आणली. तिचा एक तुकडा संगप्पांनी त्या कोपऱ्यात सारला आणि काशम्मानं त्यावर टाके घालून तोंड बंद केलं.

रिकामी ट्रंक त्याच संध्याकाळी भंगारवाल्यानं नेली. संगप्पा ती गल्लीच्या टोकापर्यंत जाताना बघत राहिले आणि मग आत आले.

पुढच्या उन्हाळ्यात काशम्मा कुठल्याच गल्लीत आली नाही. श्रावणातच गेली, असं शिवलीलाला मैंदर्गीच्या एका भाजीवालीकडून कळलं. संगप्पांनी तिला आडनाव, वय, मुलंबाळं असं काही काही विचारायचं मनात ठेवलं होतं. त्या शनिवारीही ठेवलं होतं. काशम्मा गाठोडं काखेत मारून पायरी उतरत होती, मैंदर्गीची गाडी गाठायची घाई होती, आणि ते दारात कौदी हातावर घेऊन उभे होते.

"नव्या घरात ऊन येतंय का?" तिनं विचारलं.

"येतं. गॅलरीत."

"मग आठ दिसातनं एकदा उनात टाकत जावा. आन धुताना खळ तेवडी घालू नगा."

"नाही घालत," संगप्पा म्हणाले.