बिबट्याच्या गावातलं पिल्लू

आज सकाळी चंद्रपूरच्या चौकात तणसानं गच्च भरलेला ट्रॅक्टर अडकला होता. मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण, आणि मी मात्र काच खाली करून त्या तणसाचा वास घेत बसलेली. धानाच्या वाळल्या पेंढ्याला उन्हाचा, धुळीचा, किंचित गोडसर वास येतो. माझ्यासाठी त्यात आणखी एक वास कायमचा मिसळला आहे, नुकतेच डोळे उघडलेल्या पिल्लाच्या दुधाळ अंगाचा.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. सावली गावातलं घर सोडून मी कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला खेटलेल्या एका गावात शिक्षिका म्हणून गेले होते. घरमालकीण बाई साठीच्या, एकट्या आणि जिभेच्या तिखट. त्यांच्या अंगणातल्या तणसाच्या ढिगात एका भटक्या कुत्रीनं पिल्लं घातली. एकेक करत ती नाहीशी झाली. एका पहाटे कुत्रीही परतली नाही. उरलं एकच, तांबूस, एक कान उभा नि एक पडलेला. मी शाळेतून आले की ते माझ्या चपलेवर येऊन बसायचं, आणि मी पार विरघळायची. परक्या गावात आपली वाट बघणारं कुणी असावं, याचं केवढं अप्रूप असतं त्या वयात! पण तिथला बिबट्या गावात शिरतो तो कुत्र्यासाठीच. अंगणात कुत्रं बांधणं म्हणजे त्याला ताट वाढून ठेवणं. पिल्लू ठेवलं तर त्याचा जीव टांगणीला, आणि बिबट्या बाईंच्या दारात.

आईला फोन केला, तर ती म्हणाली, "तुले तुयं जेवण वेळेवर जमत नाई, अन् कुत्रं पाळून राह्यली मोठी!" मग भीत भीत बाईंना विचारलं. त्या धान पाखडत होत्या. सूप तसंच हातात राहिलं.

"माह्यं नेलं त्यानं. याच दारातून. मीच बांधलं होतं, पोरी. सोडवाले बी जमलं नाई. मले आता पुन्हा नको."

तिखट बाईंचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. कुरखेड्याच्या एका दुकानदाराला पिल्लू हवं होतं. रविवारी नेऊन द्यायचं, असं मी ठरवलं आणि त्या दिवशी जेवलेच नाही.

शनिवारी तिन्हीसांजेला पिल्लू दिसेना. ढिगात कोपरापर्यंत हात घातले, विहिरीत डोकावले, हाका मारून घसा बसला. शेवटी बाईंच्या दारावर थाप मारली. एरवी त्या वेळी त्या उंबऱ्यावर बसलेल्या असायच्या. आज दाराला आतून कडी. दार किलकिलं झालं. आत चुलीपाशी पिल्लू पेजेच्या ताटलीत पुढचे दोन्ही पाय घालून उभं!

"पाहून काऊन राह्यली? आत ये, दार लाव," बाई खेकसल्या. "अन् आयक, बांधाचं नाई. दिवस बुडाला का घरात घ्याचं, माह्या घरात. तुयी खोली कुडाची हाय, तिचा काई भरोसा नाई."

दुकानदाराकडे कुणी गेलंच नाही. पुढे माझी चंद्रपूरला बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढलं, तरी पिल्लू, म्हणजे एव्हाना चांगला दांडगा कुत्रा, बाईंच्या पदराआडून हलेना. बाई त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. मी त्याला मागितलं नाही. गाडीत बसून मात्र ढसाढसा रडले.

मागच्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला. "गेलं गं ते. चुलीपाशी निजलं, उठलंच नाई." मग म्हणाल्या, "म्हातारं होऊन गेलं पण. दात पडले होते, पेजच चारत होती मी त्याले."

त्या गावात म्हातारं कुत्रं मी कधी पाहिलं नव्हतं. फोनवर दोघीही रडत होतो, आणि बाईंच्या रडण्यात थोडा तोरा होता.