किल्लेदारांचा नागरिकशास्त्राचा वर्ग

आमच्या साहेबांना कुणी नुसता किल्ला बघायला आलेला चालत नसे. त्याने आधी नागरिक व्हायला हवे. बेळगावहून पोरेबाळे घेऊन आलेल्या माणसाला दरवाजातच अडवून ते विचारत, "तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?" तो बिचारा बायकोकडे बघे. मग अर्धा तास मराठीत व्याख्यान आणि तेच पुन्हा कन्नडमध्ये. विनोद दोन्ही भाषांत एकच; हसणारेही तेच एकटे.

ते इतिहासाचे डॉक्टर, किल्ल्याचे प्रमुख. मी तिकीट खिडकीवर. आम्ही पाठीमागे त्यांना 'किल्लेदार' म्हणायचो. लोकशाहीवर त्यांचे फार प्रेम, पण कचेरीतला पंखा त्यांना विचारल्याशिवाय वाढवता येत नसे.

दर शनिवारी ते नागरिकशास्त्राचा वर्ग घेत. दरवाजाबाहेर पेरू-काकड्या विकणाऱ्या बायका सावलीसाठी येऊन बसत. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी मागायची, हे साहेबांनी त्यांच्याकडून घोटून घेतले.

पुढे साहेबांनीच हुकूम काढला : विक्रेत्यांमुळे दरवाजाची शोभा जाते, आठ दिवसांत उठावे. चौथ्या दिवशी बायका अर्ज घेऊन हजर. पुढे काकडीवाली पारुआक्का.

अर्ज वाचून साहेबांचे कान लाल झाले. "हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की ओ सर. पोच द्या. न्हाय दिली तर वर जायाचं, असंबी तुम्हीच सांगितलंय."

साहेबांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारून अर्ज पुन्हा लिहून आणायला लावला. मग शिक्का मारला. वरच्या कचेरीत मराठी चालत नाही, म्हणून स्वतःविरुद्धच्या अर्जाचे कन्नड भाषांतरही स्वतःच केले. ते मुळापेक्षा जोरदार झाले. बायका जिंकल्या. शनिवारी वर्ग नेहमीसारखा झाला. विषय होता अपील.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाला पारुआक्काला दोन शब्द बोलायचे होते. साहेबांनी वेळ संपल्याचे सांगितले. वेळ त्यांनीच संपवली होती.

नवे साहेब बोलायला गोड. त्यांनी बायकांना उठवले. अर्ज हसून घेतात, चहा सांगतात, पोच देत नाहीत. त्यांना आम्ही टोपणनावसुद्धा ठेवलेले नाही.

परवा पारुआक्का नवा अर्ज घेऊन माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, "शिक्का तुमच्याकडंच असतोय न्हवं, अण्णा?"

"साहेब नको म्हणतात, आक्का."

ती तशीच उभी राहिली. मागे तिकिटाची रांग वाढत गेली. शेवटी मी ड्रॉवर उघडला, शिक्का मारला आणि खाली माझे पूर्ण नाव लिहिले.