आरतीच्या फोटोमागचा बॅनर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुला सांगतो — आणि उगाच गोल गोल फिरवणार नाही, तो माझा स्वभाव नाही.

मराठी मालिकांच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन फोरम मी चालवतो. नियम माझेच. पहिलाच नियम — कलाकाराच्या कामावर काय वाट्टेल ते बोला, त्याच्या घरापर्यंत जायचं नाही. पत्ता, फोन, घरची माणसं, यातलं काही टाकलंस की तू बाहेर. किती जणांना हाकललंय मी! ते मला झकास जमतं.

एका मालिकेत सुनेला छळणाऱ्या सासूचं काम करणारी नटी मुलुंडला आमच्याच सोसायटीत राहायची. तिसऱ्या मजल्यावर, म्हाताऱ्या आईसोबत. मी तिला ताई म्हणायचो. गणपतीत फोरमवर एकाने लिहिलं, ही बाई खऱ्या आयुष्यातही तशीच माजोरडी आहे. माझं डोकं सटकलं. तिची बाजू घ्यायची होती? छे — मी तिला ओळखतो, हे मिरवायचं होतं. दुसऱ्याच नावाने खातं उघडलं आणि सोसायटीच्या गणपतीची आरती करतानाचा तिचा फोटो टाकला. शेजाऱ्यांचे चेहरे नीट कापले. एवढा मी हुशार! मागच्या बॅनरवर सोसायटीचं अख्खं नाव होतं, ते दिसलंच नाही मला.

दुसऱ्या दिवशी ते नाव वाचून फोरमवरचे लोक आले. दर्शनाला आलेल्याला कोण अडवणार? वॉचमनने आत सोडलं. काही जण खालच्या पाटीवर तिचं नाव बघून थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. आईंनी भाविक समजून दार उघडलं, हातात खिरापतीची वाटी. त्या लोकांनी मोबाइल समोर धरला आणि पोरीला वळण लावलं नाही म्हणून म्हातारीला झापलं. त्यानंतर बेल वाजली की आई आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. विसर्जनाच्या आरतीलाही त्या खाली आल्या नाहीत.

आणि मी काय केलं? फोटो उडवला. माझ्याच त्या खोट्या खात्याला सगळ्यांसमोर हाकललं, वर नियमांवर भाषण ठोकलं. लोकांनी वाहवा केली. मला — खरं सांगतो — ती आवडली.

दिवाळीआधी ताईने घर सोडलं. सामान टेम्पोत चढत होतं. आई रिक्षात आधीच जाऊन बसल्या होत्या, पदर तोंडावर ओढून. ताई मुद्दाम माझ्याकडे आली.

"तू होतास म्हणून तो फोटो फोरमवरून निघाला रे. कोणी टाकलेला, कळलं का?"

"नाही ताई. शोधतोय."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी धरू दिला.