फास काढणारे आबा

"मॅडम, आबा गेले... सकाळी चहा पितानाच." सुनीताचा फोन आला तेव्हा मी प्रात्यक्षिक घेत होते. महिना उलटला, अजून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

सुनीताचे वडील निवृत्तीआबा येडशीच्या जंगलात वनमजूर होते. मी धाराशिवच्या कॉलेजात संगणक शिकवते. पक्षी बघायला जायची, तिथं ओळख झाली. एकदा त्यांनी मला मेलेली हरणी दाखवली. मोटारसायकलच्या क्लचवायरचा फास तिच्या मानेत रुतला होता. "म्या रोज फासे काढतो अन् ते रोज लावत्यात. फास दिसतो, मानूस दिसंना." मग वनखात्याची परवानगी काढून आम्ही झाडांना चार कॅमेरे बांधले, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे. आबा गुडघ्यांवर रांगत जागा शोधायचे. "हरनाच्या उंचीनं बघा मॅडम, मानसाच्या न्हाय."

रविवारी कॅमेऱ्यातली कार्डं काढून लॅपटॉपवर फोटो बघायचो. साळिंदर दिसलं की आबा खुदकन हसायचे. एका रविवारी एका पायवाटेवरच्या कॅमेऱ्यात फास बांधणारा माणूसच दिसला. चेहरा स्वच्छ. आबा चष्मा पुसून पडद्याजवळ वाकले. म्हणाले, "आमचे दाजी हायत हे. अक्काचे मालक."

आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनं, अक्कानंच त्यांना वाढवलं होतं. त्या वाटेवर कॅमेरा बांधायचा हट्ट माझा होता. मी घाबरून विचारलं, "पुसून टाकू का? आपल्या दोघांशिवाय कुणी बघितलेलं नाही."

"मग उद्यापासनं दुसऱ्याचे फासे कोंच्या तोंडानं काढू?" ते उठले, कार्ड खिशात घातलं आणि चालत वनखात्याच्या ऑफिसात गेले.

दाजींवर गुन्हा दाखल झाला. अक्कानं पंचमीला माहेरी यायचं सोडलं. आबा दर सणाला तिच्या दारापर्यंत जायचे आणि बंद दार बघून परतायचे. त्या वाटेवर मात्र पुन्हा फास सापडला नाही. आबा हे मला दोनदोनदा सांगायचे... स्वतःचीच समजूत घातल्यासारखं. मला मात्र अजून कळत नाही, मी आबांचं भलं केलं की त्यांना त्यांच्या अक्कापासून तोडलं.

दहाव्याला येडशीला गेले. ओसरीत एक म्हातारी बाई बसली होती. सुनीता हळूच म्हणाली, "अक्काआत्या."

"तुमीच व्हय त्या क्यामेरावाल्या?"

मी मान हलवली. आता काय ऐकावं लागणार, कुणास ठाऊक.

"त्यात निवृत्तीचा फोटू असंल का एखादा?"

एखादा? आबा कार्ड बदलायला वाकले की कॅमेरा त्यांचाच फोटो काढायचा. मी पिशवीतला लॅपटॉप काढून उघडला. धुरकट चष्मा, कपाळावरचा घाम, टोपीला चिकटलेलं कुसळ. अक्कानं पडद्यावर बोट ठेवलं, कुसळ काढायला गेल्यासारखं.

"लई वाळला व्हता गं," ती म्हणाली. "मला कुनी सांगितलं न्हाय..."

मी लॅपटॉप मिटायला लागले. तिनं माझा हात धरला.

"राहू दे. फुडला दाव."