रॉयल मेडोजमधल्या मिरच्या

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना मी अजूनही चिडलेलोच असतो. माझी चूक झाली, मान्य. पण माझ्या एकट्याची झाली का? चहा घ्या, ऐका आणि मग तुम्हीच सांगा.

मी नंदुरबारला हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. मूळचा रनाळ्याचा. बरीच वर्षं शहरातल्या एका गल्लीत भाड्यानं राहिलो. तिथं शेजारचा माणूस दात घासत आपल्या ओट्यावर येऊन बसायचा आणि आपला पेपर आपल्याआधी वाचून टाकायचा. वर आतल्या बातम्या आपल्यालाच सांगायचा. या सगळ्याला कंटाळून आम्ही गावाबाहेर नव्या कॉलनीत रो-हाउस घेतलं. कॉलनीचं नाव रॉयल मेडोज. गेटवर सोनेरी इंग्रजी अक्षरं.

माझी आई, आम्ही तिला माय म्हणतो, रनाळ्याहून पहिल्यांदा तिथं राहायला आली तेव्हा तिनं या नावाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, मेडो म्हणजे कुरण. तिनं गेटच्या आत दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "मंग मेंढ्या कोठे शेतस?"

आता कॉलनी पॉश कशानं होते, हे मायला कसं समजावायचं? माझं मत विचाराल तर जिथं काहीच दिसत नाही ती कॉलनी पॉश. दोरीवर कपडे दिसत नाहीत. ओट्यावर माणसं दिसत नाहीत, कारण मुळात ओटेच नाहीत. कोणी कोणाला रस्त्यावरून हाक मारत नाही. आमच्याकडे तर अहिराणीसुद्धा ऐकू यायची नाही. सगळे तापीकाठच्या गावांतून आलेले, पण गेटच्या आत पाय टाकला की पुस्तकी मराठी सुरू. भाजीवालीला आम्ही "मेथी ताजी आहे ना?" असं विचारायचो तेव्हा ती बिचारी मागं वळून बघायची, दुसऱ्या कोणाला विचारलं की काय म्हणून.

आणि घरं सगळी एकसारखी. तोच बदामी रंग, तेच गेट, वर तीच काळी टाकी. बिल्डर म्हणाला होता, सर, एकसारखेपणा हाच तर क्लास आहे. मला ते फार पटलं. पटलं नसतं तर पुढचं काही झालंच नसतं.

कॉलनीचे अध्यक्ष चौधरी साहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी एक सौंदर्य समिती काढली आणि मला तिचा प्रमुख केलं. का? तर माझं शुद्धलेखन चांगलं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकायचं काम माझ्याकडे आलं. ग्रुपमध्ये फक्त घरमालक, म्हणजे बायका नाहीत. हीसुद्धा आमचीच अक्कल, आणि ती पुढे कशी अंगाशी आली ते कळेलच.

फेब्रुवारीची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तीन मजली बंगला बांधला आणि वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. जेवण झाल्यावर डॉक्टर हौसेनं आम्हाला लिफ्टनं वर घेऊन गेले. वरून सगळी कॉलनी दिसत होती. मला काय छान वाटलं म्हणून सांगू. बदामी घरं, काळ्या टाक्या, स्वच्छ गच्च्या. आणि त्या सगळ्यात एक गच्ची लालभडक. या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरच्या.

माझं डोकंच फिरलं. नंदुरबारच्या माणसाला मिरच्यांचं काय नवल, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या मिरच्यांपासून लांब जायचं म्हणून आम्ही इथं आलो, त्या आमच्या डोक्यावर येऊन बसल्या होत्या. मी तिथल्या तिथं फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या सुसंस्कृत वसाहतीच्या भाळावर हा लाल कलंक कोणी लावला?"

वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की लिफ्टमध्ये मी ते पुन्हा वाचलं.

खाली येईपर्यंत अंगठ्यांचा पाऊस पडला होता. कोणी लिहिलं, लाज वाटली पाहिजे. कोणी लिहिलं, अशानं कॉलनीचं खेडं होईल. चौधरी साहेबांनी लिहिलं की घर शोधून कडक कारवाई करा, उगाच मुलाहिजा नको.

घर शोधणं सोपं होतं. आमच्या रांगेत सहा घरं. डावीकडून माझं तिसरं आणि सलीमभाईंचं चौथं. मी फोटोत डावीकडून मोजलं, लाल गच्ची चौथी निघाली. शिवाय सलीमभाई कोण? मिरचीचे व्यापारी. आणखी पुरावा कशाला हवा? खरं तर मला दुसराही पुरावा मिळाला होता. त्या आठवड्यात मला घरात बसल्या बसल्या सारख्या शिंका येत होत्या. शेजाऱ्याच्या धंद्याचा हा परिणाम आहे, हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बायको तेव्हा माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायची. मला वाटायचं, काळजीनं बघतेय.

संध्याकाळी मी समितीबरोबर निघालो तेव्हा सुनंदा, म्हणजे माझी बायको, दारापर्यंत आली. "अहो, जायच्या आधी माझं जरा ऐका," म्हणाली. मी तिला सांगितलं की हे सार्वजनिक काम आहे, यात घरच्यांनी पडू नये. तिनं दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी मी हात वर करून तिला थांबवलं, वर्गात पोरांना थांबवतो तसा. मग ती म्हणाली, "बरं, जा." आणि दारात हाताची घडी घालून उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या घडीचा अर्थ मला कळायला नको होता?

सलीमभाईंनी आम्हाला बसवलं. त्यांच्या बेगमनं पाणी दिलं. चौधरी साहेब नुसतेच घसा साफ करत राहिले, म्हणून मीच विषय काढला. एकदम शुद्ध मराठीत, मोठ्या संयमानं, मी त्यांना कॉलनीची संस्कृती, सार्वजनिक सौंदर्य आणि नागरिकाचं कर्तव्य समजावून सांगितलं. मध्ये दोनदा शिंकलो. शेवटी म्हणालो की व्यवसाय बाजारात ठेवावा, घरावर आणू नये.

सलीमभाई शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं. नंतर माझ्या पुस्तकी मराठीला त्यांनी सरळ अहिराणीत उत्तर दिलं.

"सर, मन्ह्या मिरच्या पथारीवर वाळतस. घरना धाबावर नही. चला, वर चाली देखा."

धाबं म्हणजे गच्ची, आणि पथारी म्हणजे शहराबाहेरची ती मोकळी मैदानं, जिथं व्यापाऱ्यांच्या मिरच्या वाळत घातलेल्या असतात. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून बघतोय. पण चौथी गच्ची म्हणजे चौथी गच्ची. माझा गुडघा दुखतो, तरी मी जिना चढलो. सलीमभाईंचा आवाज जरा दुखावल्यासारखा वाटला होता, पण मला तेव्हा तो अपराधी माणसाचा आवाज वाटला. बघा, माणूस एकदा चिडला की कानसुद्धा त्याच्याच बाजूनं ऐकतात.

गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या होत्या. एका कोपऱ्यात कबुतरांसाठी पाण्याचं भांडं. मिरचीचं देठही नाही.

मी मोबाइल काढून फोटो बघितला, गच्ची बघितली, पुन्हा फोटो बघितला. मग चौधरी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला हळूच शेजारच्या गच्चीकडे वळवलं.

तिथं लालभडक समुद्र पसरला होता. आणि त्या समुद्रात पदर खोचून, हातात लाकडी दांडा घेऊन, माझी माय मिरच्या हलवत होती.

डॉक्टरांचा बंगला आमच्या मागच्या बाजूला आहे. मागून बघितलं की डावं ते उजवं होतं. माझं तिसरं घर चौथं झालं आणि सलीमभाईंचं चौथं तिसरं. पहिलीतलं पोर चुकणार नाही ते मी चुकलो. पण घरं जरा वेगवेगळ्या रंगांची असती तर चुकलो असतो का? आणि माझ्याच गच्चीवर काय आहे हे मला माहीत का नव्हतं, असं विचारू नका. गुडघ्यामुळं मी वर जातच नाही. घर घेतलं तेव्हा टाकी बघायला गेलो होतो, तेवढंच.

मायनं आम्हाला बघितलं. तिला वाटलं, सगळे तिला भेटायला आलेत. खुशीनं म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ? इतला लोके कसाले उनात?"

चौधरी साहेबांनी पुन्हा घसा साफ करून तिला मिरच्यांबद्दल तक्रार आल्याचं सांगितलं. त्यांनी नाव नाही घेतलं, तेवढी सभ्यता पाळली. पण ते माझ्याकडे बघत होते, सलीमभाई माझ्याकडे बघत होते, समिती माझ्याकडे बघत होती. मायला नाव सांगायची गरज उरली नाही.

तिनं दांडा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरच्यांमुळं की माझ्यामुळं, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

"ह्या मिरच्या मन्ह्या एकलीन्या नहीत," ती म्हणाली. "चौधरी वहिनीन्या शेतस, डॉक्टरबाईन्या शेतस. आखी गल्लीन्या बायका दी ग्यात."

आता चौधरी साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. झालं होतं असं की मायनं आल्या आल्या शेजारी मसाल्याची वाटी दिली होती. ती वाटी घराघरांत फिरली. मग एकेक बाई मागच्या दारानं मिरच्या घेऊन यायला लागली. आमच्याही मसाल्याच्या मिरच्या वाळवून द्या, माय. स्वतःच्या गच्चीवर का नाही वाळवायच्या? तर बरं दिसत नाही म्हणून. म्हणजे कॉलनीचा सगळा पॉशपणा माझ्या गच्चीवर वाळत पडला होता, नवरे खाली ग्रुपवर अंगठे दाखवत होते, आणि कलंक म्हणे माझ्या घराला.

मायचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणाली, इथं दिवसभर कोणी बोलायला नसतं, दारं बंद असतात. मिरच्या आल्या तेव्हा माणसं आली. त्या बायका गच्चीवर बसून तिच्याशी अहिराणीत पोटभर गप्पा मारायच्या. आणि तिच्या शिकलेल्या मुलानं त्याचा फोटो काढून जगाला दाखवला.

मी सलीमभाईंची माफी मागायला वळलो, तर नेमक्या त्याच वेळी शिंकांची माळ सुटली. एक शब्द धड बाहेर पडेना. त्यांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले की राहू द्या सर, शेजारी आहोत. एवढंच. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय रनाळ्याच्या एसटीत बसली. जाताना सुनंदाशी बोलली, माझ्याशी नाही. दारात फक्त एवढं म्हणाली की मिरच्या अजून वाळायच्या आहेत, ज्याला त्या खुपल्या त्यानंच आता हलवाव्यात. सुनंदानं हसू दाबत दांडा माझ्या हातात दिला. आणि कॉलनीतल्या बायका, ज्या मला आजवर फक्त नमस्कार करायच्या, त्या एकेक करून येऊन बजावून गेल्या की सर, खालच्या वर करा हं, नाहीतर बुरशी धरेल. चौधरी वहिनी तर वर येऊन तपासून गेल्या. त्यांच्या नवऱ्यानं ग्रुपवर आदल्या दिवशी काय लिहिलं होतं ते मी त्यांना वाचून दाखवणार होतो. पण शिंक आली.

तर रविवारची दुपार. मी गच्चीवर. जुनी लुंगी, भोकांचं बनियन, डोक्याला पंचा, नाकातोंडाला ओला टॉवेल बांधलेला. डोळे मिरच्यांपेक्षा लाल. दांड्यानं मिरच्या ओढतोय आणि सगळ्या जगावर मनातल्या मनात चिडतोय. खाली एक गाडी थांबली. प्लॉटचा एजंट सुरतच्या एका नवरा-बायकोला कॉलनी दाखवायला घेऊन आला होता. गेट दाखवलं, झाडं दाखवली, शांतता दाखवली. त्या बाईंची नजर वर गेली आणि त्यांनी हिंदीत विचारलं, वर ते कोण आहे?

एजंटनं माझ्याकडे बघितलं. क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मॅडम, इकडे मिरच्या वाळवायलासुद्धा गडी ठेवतात. एकदम पॉश कॉलनी आहे."

माझा संताप मस्तकात गेला. मी कठड्यापाशी आलो. या कॉलनीच्या सौंदर्य समितीचा प्रमुख मी आहे, हे मला ओरडून सांगायचं होतं. त्यासाठी तोंडावरचा टॉवेल खाली ओढला, आणि तीच चूक झाली. मिरचीचा तो ठसका सरळ नाकात गेला.

बाई नवऱ्याशी गुजरातीत काहीतरी बोलल्या. मग नवऱ्यानं एजंटला विचारलं, हा माणूस आमच्याकडे पण काम करील का? एजंटनं मान वर करून मला हाक मारली, "काय बाबा, यांच्याकडे येशील का?"

मी शिंकलो. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक शिंकेबरोबर मान जोरात खाली गेली.

एजंट त्यांच्याकडे वळून म्हणाला, "येतो म्हणतोय."

त्यांनी प्लॉट घेतला आहे. आमच्याच रांगेच्या समोरचा.