अमरांच्या घरातली वेणू

कादंबरीचा दुसरा भाग घरात आला आणि लांज्याच्या महिपतच्या घशाखाली घास उतरेना.

पहिला भाग त्यानंच वाचून दाखवला होता, बारा-तेरा वर्षांपूर्वी. त्याच्या बायकोला, हौसाला, अक्षरओळख नाही. ती पडवीत काजू फोडत बसायची, एसटीची ड्युटी संपवून आलेला महिपत शेजारी बसून वाचायचा. कधीच न मरणाऱ्या माणसांची गोष्ट. त्यांच्या घरात वाढणारी वेणू तेवढी साधी, मरणारी पोर. हौसाचा सगळा जीव त्या वेणूत. त्याच साली त्या दोघांची लेक राही तापानं गेली होती. हौसा कुणाशी बोलत नव्हती. गोष्ट सुरू झाली की तेवढी मान वर करायची.

शेवटच्या प्रकरणात वेणू मेली. महिपतनं ती ओळ मनात वाचली आणि मोठ्यानं म्हणाला, "वेणूनं डोळे उघडले." पुढचं सगळं पदरचं. त्या दिवशी हौसा पोटभर जेवली.

वर्षं गेली, दुसरा भाग निघेना. महिपत निर्धास्त झाला. मधेच काचबिंदूनं त्याची नजर नेली. आणि आता मुंबईहून मुलानं, स्वरूपनं, पुस्तक पाठवलं. वाचणार सून.

महिपतनं चाचपडत जाऊन ते तांदळाच्या पिंपात लपवलं. सकाळी सुनेच्या हाताला लागलं.

"आबा, आज पुस्तकाचा भात घालू काय?" दर्शना हसत म्हणाली.

"गणपती होऊंदेत गो. मग वाचूया निवांत."

"काय निवांत?" हौसा काजू फोडता फोडता कडाडली. "माजी वेणू लग्नाची झाली असंल एव्हाना! तुमाला काय धाड भरलीय? वाच गो दर्शने."

दर्शनानं पान उघडलं. "'वेणूच्या समाधीवर त्या वर्षीही चाफा फुलला...'"

हौसाचा हात थांबला. "कुनाची समाधी? नीट वाच."

"तसंच छापलंय, आई. 'ती मेली त्या रात्रीपासून अमरांच्या घरात दिवा...'"

"मेली कशी? डोळे उघडलेन तिनं. अवो, सांगा हिला!"

छापणाऱ्याची चूक म्हणावं, असं महिपतच्या ओठांवर आलं. पण दर्शना पहिला भागही काढून बघेल, अशी पोर.

"आबा?" दर्शनाचा आवाज खाली आला.

हौसा उठली, काजूच्या चिकाचे हात राखेत घोळून पदराला पुसले. सुनेच्या हातातून पुस्तक घेतलं आणि महिपतच्या मांडीवर उघडं ठेवलं.

"हिला नाय येत वाचाया. तुमी वाचा."

"हौसे, मला दिसत नाय गो."

"तवा तरी कुटं बघून वाचलंत?"

महिपतनं पुस्तक डोळ्यांशी नेलं. नुसतं करडं, धुरासारखं. त्यानं घसा खाकरला. "वेणू..." म्हणाला. हौसा समोर बसून राहिली, काजू तसेच पडलेले. "वेणू..." तो पुन्हा म्हणाला. पुढचं त्याला काही केल्या सुचेना.